थायरॉईडचे आरोग्य : 'नैसर्गिक' उपायांचे बळ आणि मर्यादा

चंडीगड : थायरॉईडच्या विकारांवर सुचविल्या जाणाऱ्या 'नैसर्गिक' उपायांपैकी शास्त्रीय कसोटीवर सर्वांत भक्कम ठरलेला उपाय म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. मात्र, नैसर्गिक आहाराच्या नावाखाली अनेक घरांतून नेमके तेच मीठ बाजूला सारले जात आहे.

थायरॉईड ही मानेच्या पुढील भागातील फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. तिची संप्रेरके शरीराचा चयापचय, हृदयाची गती, शरीराचे तापमान आणि मुलांची वाढ नियंत्रित करतात. ही संप्रेरके तयार होण्यासाठी आयोडीन अत्यावश्यक असते आणि शरीर ते स्वतः निर्माण करू शकत नाही.

हिमालयाचा पायथा आणि आयोडीन

हिमनद्या, पाऊस आणि पूर यांमुळे हिमालयीन पट्ट्यातील जमिनीतून आयोडीन युगानुयुगे वाहून गेले. त्यामुळे तेथील धान्य, भाजीपाला आणि पाण्यातही ते कमी आढळते. चंडीगड याच पर्वतरांगांच्या पायथ्याशी वसले आहे. काजौली येथून भाक्रा कालव्याचे पाणी शहरातील सेक्टर 39 च्या जलशुद्धीकरण केंद्रात आणले जाते. शुद्धीकरणामुळे पाणी पिण्यायोग्य होते, परंतु त्यात आयोडीनची भर पडत नाही. ही उणीव आहारातूनच भरून काढावी लागते.

कांगड्याचा प्रयोग

ही उणीव कशी भरून काढावी, याचे उत्तर कांगडा खोऱ्यात मिळाले. हा भाग आज हिमाचल प्रदेशात असला, तरी 1966 पर्यंत तो चंडीगड राजधानी असलेल्या पंजाब राज्यात होता. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सुमारे एक लाख लोकसंख्येच्या प्रदेशाचे तीन विभाग करून पाहणी सुरू केली. तिन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण सुमारे 38 टक्के होते. दोन विभागांना आयोडीनयुक्त, तर एका विभागाला साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. साधे मीठ मिळालेल्या विभागात मात्र त्यात घट झाली नाही. या प्रयोगावरील 1973 च्या अहवालाच्या लेखकांमध्ये एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर या शास्त्रज्ञांचाही समावेश होता.

केंद्र सरकारने 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. 1992 मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. पुढील पाहण्यांतून ही समस्या केवळ हिमालयापुरती मर्यादित नसल्याचे आणि महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांतही ती असल्याचे दिसून आले. आयोडीनविरहित मिठाच्या थेट मानवी सेवनासाठीच्या विक्रीवर मे 2006 पासून देशभर बंदी आहे.

सैंधव की साधे मीठ?

सैंधव आणि खडे मीठ अधिक 'शुद्ध' असल्याचा समज आहे. वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख नसल्यास त्यात आयोडीन पुरेसे असेल असे गृहीत धरता येत नाही. उपवासाच्या दिवशी सैंधव वापरल्याने हानी होत नाही, मात्र ते वर्षभर एकमेव मीठ म्हणून वापरणे धोक्याचे ठरू शकते. प्रौढांना दररोज 150 मायक्रोग्रॅम, तर गर्भवतींना जागतिक आरोग्य संघटनेनुसार 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गर्भावस्थेत त्याची तीव्र कमतरता राहिल्यास बाळाच्या मेंदूची कायमची हानी होऊ शकते.

याचा अर्थ मीठ अधिक खावे असा नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, पण ते आयोडीनयुक्त, हेच सूत्र योग्य आहे. दूध, दही, अंडी आणि सागरी मासळीतूनही आयोडीन मिळते. मीठ बंद डब्यात, ओलावा व उन्हापासून दूर ठेवावे आणि शक्यतो स्वयंपाकाच्या अखेरीस घालावे.

कोबी, बाजरी आणि सोयाबीन

कोबी, फ्लॉवर, सलगम यांतील काही घटक आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात. शिजविल्याने त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. बाजरीतही असे घटक असतात. तथापि, आयोडीन पुरेसे असलेल्या संमिश्र आहारात भाजी किंवा बाजरीची भाकरी वर्ज्य करण्याचे कारण नाही. सोयाबीनमुळे थायरॉईडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दोहोंत अंतर ठेवावे.

सेलेनियम आणि वनौषधी

सेलेनियम हे खनिजही थायरॉईडला आवश्यक असते, परंतु त्याची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. पंजाबमधील होशियारपूर आणि नवांशहर (आता शहीद भगतसिंग नगर) जिल्ह्यांच्या काही गावांतील जमिनीत सेलेनियमचे प्रमाण जास्त आहे. तेथील पिकांतही ते उतरत असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. अतिरिक्त सेलेनियममुळे केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. त्यामुळे सल्ल्याविना पूरक गोळ्या घेऊ नयेत.

अश्वगंधेबाबत काही लहान अभ्यासांत अनुकूल निष्कर्ष आले असले, तरी तिच्या सेवनानंतर थायरॉईड अतिसक्रिय झाल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. समुद्रशैवालाच्या गोळ्यांतून आयोडीन अतिप्रमाणात जाऊन ग्रंथीचे कार्य बिघडू शकते. योगासने आणि पुरेशी झोप प्रकृतीला हितकारक आहेत, मात्र ती औषधाला पर्याय ठरत नाहीत.

गोळी केव्हा अटळ?

आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या भागांत थायरॉईड मंदावण्याचे प्रमुख कारण हाशिमोटो हा स्वयंप्रतिकार विकार आहे. 1912 मध्ये जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी त्याचे वर्णन केले. ग्रंथीची अशी झालेली हानी आहाराने भरून निघत नाही. लेव्होथायरॉक्सिन या गोळीतून शरीराला लागणारे संप्रेरकच दिले जाते. ती उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर असावे. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉईडच्या चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात, म्हणून ते घेत असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

सततचा थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, मासिक पाळीतील अनियमितता किंवा मानेवर सूज आढळल्यास टीएसएच तपासणी करावी. गर्भधारणेचे नियोजन करणाऱ्या आणि गर्भवती महिलांनी थायरॉईडची गोळी स्वतःहून बंद करू नये. या काळात मात्रा अनेकदा वाढवावी लागते, त्यामुळे गर्भधारणा लक्षात येताच डॉक्टरांशी संपर्क साधावा.