मालदांडीचें कूळ

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हें गांव लागतें. हा सारा मुलूख शाळूचा. पावसाळा सरतां सरतां पेरलेलें हें पीक जमिनींत मुरलेल्या ओलाव्यावर वाढतें आणि माघ-फाल्गुनांत काढणीस येतें. त्या वेळीं घरच्या बियाण्यासाठीं भरदार, टपोऱ्या दाण्यांचीं कणसें निराळीं काढून ठेवावयाचीं, ही शेतकऱ्यांची जुनी रीत. जसें कणीस तसें पुढील सालचें पीक, हा विश्वास तिच्या मुळाशीं आहे. तो कितपत खरा, हें उलगडण्यास शास्त्रज्ञांस दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

१६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकानें बुचाच्या पातळ कापांत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले. आपण ज्यांस पेशी म्हणतों, त्यांची ही पहिली ओळख. पुढें १८८२ सालीं वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानें पेशी रंगवून, ती दुभंगतांना तिच्या केंद्रकांतील सूत्रें कशीं उभीं चिरलीं जातात, याचें तपशीलवार वर्णन केलें. हींच गुणसूत्रें.

ज्वारीच्या पेशींत गुणसूत्रें वीस असतात. पेशी अन्नरस घेऊन वाढते. दुभंगण्यापूर्वीं प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. मग दोन्ही प्रती विरुद्ध टोकांस जातात आणि मध्यें भिंत उभी राहून एकीच्या दोन पेशी होतात. दोघींच्याही वांट्यास वीसच. दाण्यांतील इवल्याशा गर्भापासून पुरुषभर उंच ताट उभें राहतें, तें याच चोख वांटणीनें. मात्र पराग आणि बीजांड घडतांना हिशेब निराळा. तेथें प्रत्येकास निम्मींच, म्हणजे दहा गुणसूत्रें मिळतात. दोहोंचा संयोग झाला कीं पुन्हां वीस भरतात. बापाचें अर्धें, आईचें अर्धें, असा हा वारसा.

ज्वारीच्या फुलांत पराग व बीजांड दोन्ही असल्यानें बहुतेक दाणे त्याच ताटाच्या परागानें भरतात. अशा स्वफलनानें एखाद्या गुणाची मिश्र जोडी बाळगणाऱ्या ताटांचें प्रमाण दर पिढीस निम्म्यानें घटतें. सहा पिढ्यांत तें चौसष्टांश उरतें. म्हणूनच निवडलेल्या कणसाचें कूळ थोड्याच वर्षांत स्थिरावतें. १९३० नंतरच्या दशकांत मोहोळ येथील संशोधकांनीं याच तत्त्वाचा आधार घेतला. स्थानिक मालदांडी शाळूच्या मिश्र समुदायांतून त्यांनीं एक सरस कूळ वेगळें काढलें. तेंच ‘मालदांडी ३५-१’. मोत्यासारखा दाणा, चवदार भाकरी आणि जनावरांस रुचणारा कडबा यांमुळें तें रब्बीच्या मुलखांत सर्वत्र पसरलें.

१९६४ सालीं ‘सी. एस. एच. १’ ही संकरित ज्वारी आली. खरिपांत तिनें मोठें उत्पन्न दिलें. परंतु दोन कुळांच्या संयोगांतून आलेला तिचा जोम पुढील पिढीस टिकत नाहीं. दहा-दहांची वांटणी होतांना गुण विखुरतात, आणि बियाणें दर साल विकत घ्यावें लागतें. मालदांडीचें बी मात्र घरच्या कणगींतलें चालतें. रब्बीच्या कोरडवाहू शेतांत तिचें आसन आजही ढळलेलें नाहीं.

तरीही या यशाची एक दुसरी बाजू आहे. एकच कूळ शिवारभर पसरलें म्हणजे त्याचे गुण जसे सर्वत्र पोंचतात, तसे त्याचे उणेपणही. नवा रोग आला तर त्याला तोंड देणारें निराळें रक्त शेजारच्या शेतांतही सांपडावयाचें नाहीं. दगडी, कुचकुची, गूळभेंडी अशा जुन्या जाती म्हणूनच मोलाच्या. त्या केवळ हुरड्याच्या हौसेपुरत्या नव्हेत. उद्याच्या निवडीचें भांडवल त्यांत सांठलेलें आहे.

पेशी पेशीपासूनच होते, हा सिद्धान्त रुडॉल्फ फिर्खो यानें १८५५ सालीं मांडला. त्याचा शेतीपुरता अर्थ कठोर आहे. ज्या जातीचा शेवटचा दाणा दळला गेला, ती कोणत्याही प्रयोगशाळेंत पुन्हां शून्यांतून उगवत नाहीं. वेळा अमावास्येस सोलापूरकडील कुटुंबें शाळूच्या उभ्या पिकांत पूजा मांडतात. त्याच शेताच्या कडेला जुन्या बियाण्याच्या चार ओळी राखल्या, तर ती परंपरा खऱ्या अर्थानें पुढें चालेल.