दापोडीची वनस्पतिचित्रे

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश चित्रकलेत निसर्गाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला मोठे महत्त्व आले. जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांचे अभ्यासचित्रण केले, तर जॉन रस्किनने १८५७ च्या आपल्या चित्रकलाविषयक पुस्तकात पान, फांदी, दगड बारकाईने पाहून रेखाटण्याचा आग्रह धरला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झाले. मात्र निसर्गनिरीक्षणावर आधारलेल्या चित्रणाचा एक महत्त्वाचा अध्याय त्याआधीच पुण्याजवळ दापोडी येथे लिहिला गेला होता.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. औषधी वनस्पतींची लागवड आणि परदेशी झाडे इथल्या मातीत रुजवून पाहणे ही त्याची प्रमुख कामे. १८३८ मध्ये कंपनी सरकारचे शल्यचिकित्सक डॉ. अलेक्झांडर गिब्सन उद्यानाचे अधीक्षक झाले. पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. १८६१ मध्ये एन. ए. डाल्झेल यांच्यासह त्यांनी इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रे करवून घेतली. त्यांत देशी वनस्पतींबरोबरच बाहेरून आणलेली झाडेही आहेत. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग उडतो आणि आकार चेपतो. चित्रात मात्र ते ताजेपण टिकते आणि फुलाचे अवयव सुटे करून दाखवता येतात. छायाचित्रण बाल्यावस्थेत असताना अशी चित्रे शास्त्रीय पुराव्याइतकीच मोलाची ठरत. नमुना आणि चित्र हे दोन्ही मिळून वनस्पतीची ओळख पक्की करीत.

ही चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला आणि हा ठेवा अभ्यासकांसमोर आणला. गिब्सन यांचे नाव वनविभागाच्या इतिहासात कायम राहिले. चित्रकाराची मात्र 'पोर्तुगीज' एवढीच नोंद आहे आणि त्याचे नाव अज्ञातच राहिले. दापोडीचे ते उद्यानही पुढे बंद झाले. पाकळीची घडी आणि पानाच्या शिरा अचूक टिपणाऱ्या त्या हाताची ओळख आता केवळ त्या चित्रांतूनच पटते.