विथ : सात ओळींवरील भाष्य

इंग्रजी कोशात 'विथ' हा शब्द काढला की अर्थांची लांबलचक यादी समोर येते: सोबत, साधन, जवळ असणे, कारण, विरोध, परिस्थिती आणि पुढे आणखी कितीतरी. आपल्याकडचा विद्यार्थी ती पाठ करतो आणि वाक्य समोर आले की त्यातला एखादा अर्थ चिकटवून पाहतो. माझे म्हणणे असे की या यादीतून 'विथ' कळत नाही. हा शब्द फक्त दोन गोष्टी एकमेकींसमोर आणतो. त्या गळाभेट घेणार की कुस्ती खेळणार, हे शेजारचे क्रियापद आणि नाम ठरवतात. मराठीत मात्र प्रत्येक वेळी वेगळा प्रत्यय किंवा वेगळी रचना निवडावी लागते, त्यामुळे 'विथ'चे मराठी भाषांतर करणे हेच त्याचे भाष्य होऊन बसते.

भाष्याला मूळ पाठ हवा, म्हणून सात ओळींचा एक उतारा रचला आहे. स्थळ यॉर्कशायरमधले एक खेडे, वेळ बर्फ पडून गेलेल्या रात्रीची. एका घरात बाई अडली आहे.

१. द मिडवाइफ केम विथ हर डॉटर.

सुईण मुलीसह आली. इथे 'विथ' सहार्थी आहे, आणि शिकवताना सगळे इथूनच सुरुवात करतात. पण 'सुईण आणि मुलगी आल्या' असे हे वाक्य म्हणत नाही. 'केम'च्या जागी वर्तमानकाळ घातला तर 'कम्स' होईल, 'कम' होणार नाही. दोघी आल्या तरी क्रियापद एकटीचेच राहते. मराठीतही 'बाप मुलीसह आला' या वाक्यातले 'आला' मुलीची दखल घेत नाही. पाणिनीने दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सहार्थी तृतीया सांगताना हेच नेमके पकडले आहे: ती विभक्ती अप्रधानाला लागते. सोबत येणारा आणि ज्याच्या सोबत यायचे तो, यांच्यात व्याकरण मान सारखा वाटत नाही. 'अँड'ने जोडलेले समान असतात, 'विथ'ने जोडलेले नसतात. वृत्तपत्रातल्या 'मंत्री अधिकाऱ्यांसह आले' या वाक्यात अधिकारी का मागे पडतात, त्याचे उत्तर इथे आहे.

आता 'मिडवाइफ'. यातला 'मिड' म्हणजे मध्य नव्हे. जुन्या इंग्रजीत 'सह' या अर्थाचा शब्द 'मिड' हाच होता. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'मिट' आजही रोजच्या वापरात आहे. 'वाइफ' म्हणजे तेव्हा कोणतीही स्त्री. बाळंतिणीसोबत असणारी ती मिडवाइफ. जुने 'मिड' इंग्रजीतून चौदाव्या शतकाच्या सुमारास नाहीसे झाले आणि त्याची जागा 'विथ'ने घेतली. मग त्याआधी 'विथ' काय करत होता? ते सहाव्या ओळीवर सांगतो.

२. शी ओपन्ड द गेट विथ अ स्पेड.

तिने फावड्याने फाटक उघडले. फाटकाशी साचलेला बर्फ दूर केला, असे समजावे. इथे 'विथ' साधन दाखवतो. एकच शब्द सोबत आणि साधन दोन्ही कसा दाखवतो, असा प्रश्न इथे येतो. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 सालच्या 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात त्याचे उत्तर दिले: माणूस साधनाला सोबती मानतो, आणि हे रूपक जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांत मुरलेले आहे. उत्तर सुंदर आहे, पण दाव्याचा दुसरा भाग टिकला नाही. थॉमस स्टोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या भाषा तपासल्या तेव्हा सोबत आणि साधन वेगवेगळ्या रूपांनी दाखवणाऱ्या भाषाच बहुसंख्य निघाल्या. दोन्ही एकाच शब्दाने दाखवण्याची सवय विशेषतः युरोपातली.

हे समजायला मराठीबाहेर जाण्याचीही गरज नाही. 'फावड्याने' आणि 'मुलीसह' यांची अदलाबदल करून पाहा. 'ती मुलीने आली' हे मराठी नव्हे, आणि 'तिने फावड्यासह फाटक उघडले' म्हटले तर फावडेही फाटकासारखेच उघडले की काय, असे वाटते. तरीही शाळेच्या विभक्ती तक्त्यात 'ने, ए, शी' एकाच तृतीयेच्या रांगेत बसवलेले असतात. संस्कृतात एकच तृतीया कर्ता, करण, सहार्थ आणि हेतू सांभाळते, म्हणून तो साचा मराठीवर ठेवला गेला. मराठीने जे वेगळे केले होते ते तक्त्याने पुन्हा एकत्र केले, आणि मुलांना आपल्याच भाषेतला हा भेद दिसेनासा झाला. मला हे नुकसान मोठे वाटते.

आणखी एक बारकावा 'बाय' शेजारी ठेवल्यावर दिसतो. खिडकी 'बाय अ स्टोन' फुटली तर दगड डोंगरावरून घरंगळत आलेला असू शकतो. 'विथ अ स्टोन' फुटली तर तो कोणीतरी हातात घेतला होता. वाक्यात माणसाचे नाव नसले तरी 'विथ' त्याला हजर करतो. पूर्वी ही सीमा इतकी पक्की नव्हती. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये एका माणसाला अस्वलाने फाडल्याची वार्ता येते, आणि तिथे अस्वलाच्या आधी 'विथ' आहे. आजचा वाचक क्षणभर बुचकळ्यात पडतो: अस्वल हाती धरून कोणी फाडले?

३. शी वॉज अ टॉल वुमन विथ ग्रे आइज.

घाऱ्या डोळ्यांची उंच बाई. मराठीत इथे 'शी'ही नाही, 'ने'ही नाही, थेट षष्ठी येते. संस्कृतात मात्र ओळखीच्या खुणेला तृतीयाच लागते. जटांवरून ओळखू येणारा तापस हे परंपरेतले उदाहरण प्रसिद्ध आहे.

या वापराने एक अडचण निर्माण होते. 'तिने माणूस विथ अ लँटर्न पाहिला' यात कंदील कोणाच्या हाती? तिच्या असेल तर 'कंदिलाच्या उजेडात माणूस पाहिला', त्याच्या असेल तर 'कंदीलवाला माणूस पाहिला'. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ मुठीत ठेवते, मराठी भाषांतरकाराला एक सोडावा लागतो. यंत्राला इंग्रजी शिकवणाऱ्यांपुढेही हा पेच होता. डोनाल्ड हिंडल आणि मॅट्स रूथ यांनी 1993 साली वृत्तसंस्थेच्या बातम्यांचा मोठा साठा घेऊन, क्रियापद आणि नाम यांपैकी कोणाची त्या शब्दयोगी अव्ययाशी जवळीक जास्त, हे मोजून निर्णय करण्याची रीत मांडली. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत असतो, हेच ते वेगळ्या वाटेने सांगत होते.

४. हर हँड्स वेअर शेकिंग विथ कोल्ड.

तिचे हात थंडीने कापत होते. इथे कारण दाखवले आहे, आणि मराठीने पुन्हा साधनाचा 'ने' घेतला आहे. पण इंग्रजीत प्रत्येक कारणाला 'विथ' चालत नाही. थंडीने कापणे, भीतीने थरथरणे, लाजेने लाल होणे यांना चालतो. थंडीने मरण्याला 'ऑफ' लागतो. फरक असा की 'विथ'मध्ये कारण आणि परिणाम एकाच वेळी अंगात असतात. हात कापत आहेत तोवर थंडीही आहे. 'ऑफ' आणि 'फ्रॉम' कारणाला उगम मानतात, तिथून पुढे परिणाम वाहतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. 2020 साली ब्रिटनमध्ये 'विथ कोविड' मेलेले आणि 'ऑफ कोविड' मेलेले यांवर कडाक्याचा वाद झाला. इंग्लंडमध्ये चाचणीत कोविड आढळलेली व्यक्ती नंतर केव्हाही, कशानेही दगावली तरी मृतांच्या आकड्यात धरली जात होती. ऑगस्टमध्ये मोजणीची पद्धत बदलून चाचणीनंतरच्या 28 दिवसांची मर्यादा घातली गेली, आणि ब्रिटनचा एकूण आकडा पाच हजारांहून अधिकाने खाली आला. रोग अंगात असताना मरण आले, की रोगाने आणले? 'शेकिंग विथ'मधला 'विथ' कारण सांगतो, 'डाइड विथ'मधला मुद्दाम कारण सांगायचे टाळतो. 'कोविडने' आणि 'कोविड असताना' असे दोन वेगळे प्रयोग मराठीत तयारच आहेत. ते काटेकोर वापरणारे वार्ताहर मात्र त्या दिवसांत फार थोडे दिसले.

५. विथ द रोड ब्लॉक्ट, नो डॉक्टर कुड कम.

रस्ता बंद असल्याने डॉक्टर येऊ शकत नव्हता. ही जवळपास आपली सती सप्तमी: एक घटना दुसरीच्या पार्श्वभूमीवर ठेवायची आणि त्यांचे नाते वाचकावर सोडायचे. 'असताना', 'असल्याने', 'असूनही' यांपैकी कोणते घ्यायचे ते मुख्य वाक्य पाहून ठरते. 'विथ ऑल हर फॉल्ट्स' या वाक्प्रयोगात तर 'असूनही' हाच अर्थ लागतो.

६. शी हॅड फॉट विथ द डॉक्टर फॉर इयर्स.

उताऱ्याचा गाभा या ओळीत आहे. डॉक्टरशी तिची वर्षानुवर्षे भांडणे होत होती, हा सरळ अर्थ. पण दोघे मिळून वर्षानुवर्षे रोगराईशी लढत होते, हाही अर्थ लागतो. आधीच्या ओळीत न येऊ शकणारा डॉक्टर तिचा वैरी होता की सोबती, हे ओळ सांगत नाही.

आपल्या इतिहासातून याचे उदाहरण देता येते. 'द ब्रिटिश फॉट विथ द मराठाज' हे वाक्य 1792 च्या श्रीरंगपट्टणला लावले तर खरे आहे: टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. तेच वाक्य 1803 च्या असईला लावले तरी खरे: आजच्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज उभी होती. मधली अकरा वर्षे या एका शब्दाच्या पोटात मावतात. मराठीत 'मराठ्यांशी लढले' म्हणजे असई, आणि 'मराठ्यांच्या बाजूने लढले' म्हणजे श्रीरंगपट्टण.

हे का घडले? जुन्या इंग्रजीत 'विथ'चा मुख्य अर्थ 'समोर, विरुद्ध' असा होता. 'बेओवुल्फ' या काव्यात नायक ग्रेंडेल या राक्षसाशी झुंजायला निघतो तेव्हा 'विथ' येतो तो याच अर्थाने. व्युत्पत्तिकार त्याच्याही मागे जातात आणि वेगळेपण दाखवणाऱ्या आद्य धातुरूपापाशी पोचतात. संस्कृतातला 'वि' हा उपसर्ग त्याच घराण्यातला. म्हणजे सोबत दाखवणारा इंग्रजी 'विथ' आणि वियोगातला 'वि' हे एकाच कुळातले निघतात. मग विरोधातून सोबत कशी आली? समोर उभे राहणे ही दोन्हींतली सामाईक स्थिती. कोणाशी लढायचे, बोलायचे, व्यवहार करायचा, तर समोरासमोर यावे लागते. लढाईचा अर्थ गळला आणि समोर असणे उरले. इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतल्या जुळ्या शब्दाला 'विरुद्ध'बरोबर 'शेजारी, सोबत' हे अर्थ होतेच. लॅटिनमध्येही लढाईसाठी सहार्थी 'कुम' वापरत. या सगळ्याच्या रेट्यात 'मिड' मागे पडला.

मराठीला यात परके वाटण्याचे कारण नाही. आपला 'शी' पाहा: शत्रूशी लढतो, मित्राशी बोलतो, मुलीशी लग्न करतो, बायकोशी भांडतो, तिच्याशीच समेट करतो. वैर आणि प्रेम दोन्हींत दुसरी बाजू लागते, आणि 'शी' ती दुसरी बाजू दाखवतो. 'विथ'च्या साऱ्या अर्थांतून एक मराठी प्रतिशब्द निवडायचा झाला तर मी 'सह' किंवा 'बरोबर' न निवडता 'शी' निवडेन. यादीत मात्र तो क्वचितच पहिला असतो.

७. शी वुड नॉट पार्ट विथ हर लँटर्न.

माणसापासून दुरावायचे तर 'पार्ट फ्रॉम', हातची वस्तू द्यायची तर 'पार्ट विथ'. जोडण्यासाठी प्रसिद्ध असलेला शब्द सुटण्याच्या क्रियेला लागलेला पाहून विद्यार्थी गोंधळतात. त्यांनी 'विथड्रॉ', 'विथहोल्ड' आणि 'विथस्टँड' आठवावेत. पहिल्या दोघांत 'विथ' म्हणजे मागे किंवा दूर, तिसऱ्यात विरुद्ध. जोडशब्दांत जुना अर्थ तसाच राहिला. 'विथआउट' हाही मूळचा 'बाहेर'. 'वाचून, शिवाय' हा त्याचा अर्थ नंतरचा.

ओळीचा मराठी अर्थ: ती आपला कंदील काही केल्या कोणाला द्यायला तयार नव्हती. 'वुड नॉट'मधला हट्ट 'काही केल्या'ने येतो. 'विथ'साठी या वाक्यात प्रत्यय नाही, अव्ययही नाही. त्याचे काम 'द्यायला' या क्रियेतच होऊन जाते.