पगारपत्रकातले दोनशे रुपये

माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. ‘व्यवसाय कर’. महाराष्ट्रात बऱ्या पगाराची नोकरी करत असाल तर तुमचेही कापले जात असतील. पीएफ आणि इन्कम टॅक्सच्या मोठ्या आकड्यांमध्ये ही ओळ मी कित्येक वर्षं वाचलीच नव्हती. एका दिवाळीत अल्लीपूरला घरी गेलो असताना आजी म्हणाली, तरुणपणी रोजगार हमीवर तिने रस्त्याची गिट्टी फोडली होती. तिची ती मजुरी आणि माझी ही कपात एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे त्यानंतर वाचत गेलो तेव्हा कळलं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग सुरू करवला. जो मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. पुढे १९७२चा दुष्काळ आला. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हा खर्च कायमचा पेलायचा कसा? १९७५ साली व्यवसाय कर आला: शहरातल्या पगारदाराने द्यायचा, आणि तेवढीच भर सरकारने घालायची. हमीचा कायदा १९७७चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला.

या कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी छोटी आहे. पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा, रोजचा किमान १ रुपया. रक्कम हास्यास्पद, आणि प्रत्यक्षात तीही क्वचितच कुणाच्या हातात पडली. पण त्या एका रुपयाने सरकार मजुराचं देणेकरी झालं. म्हणून तर शेतमजुरांचे मोर्चे तहसीलवर जाऊन काम मागू शकले. ती याचना नव्हती, वसुली होती.

काम न करताही प्रत्येकाला ठरावीक रक्कम मिळावी, ही मूलभूत उत्पन्नाची कल्पना त्याहून जुनी आहे. थॉमस पेनने १७९७ साली मांडलं की जमीन मुळात सगळ्यांची. ती अडवून बसलेल्यांनी भरपाई म्हणून प्रत्येकाला २१व्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत. दान म्हणून नाही, हक्क म्हणून. इकडे आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधींना धडधाकट माणसाला फुकट जेवू घालणं मान्य नव्हतं. पागे त्या बाजूचे: आधी हात चालले पाहिजेत. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणात एक माणूस एक मत आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकणार नाही. मला वाटतं, पेन आणि पागे यांचं भांडण कामावरून आहे. मागणाऱ्याची मान ताठ असावी यावर दोघांचं एकमत आहे.

जुलै २०२४पासून लाडकी बहीण योजनेत महिना १५०० रुपये सुरू झाले. काकूला मिळतात. तिच्या नावावर, तिच्या खात्यात. काकाला न विचारता ती ते खर्च करते, आणि ही गोष्ट लहान नाही. पण योजनेचं नावच बघा. भाऊ ओवाळणी घालतो. भावाकडे थकबाकी कशी मागणार?

मी हे घरी बोलून दाखवलं. आजी म्हणाली, “मी काई कोनाची बहीन नोती. काम मांगलं, हाजरी लागली, पैसे घेतले.”

मी खूश. माझा मुद्दा तिने एका वाक्यात मांडला होता. मग तिने तळहात पुढे केले. “पन तवा असे घरबसल्या पंधराशे भेटले असते, तं गिट्टी कोनं फोडली असती?”

काकू मोबाईलवरचा बँकेचा मेसेज पुन्हा वाचत होती. “बंद झाले तं कोनाले मांगाचे?” तिने विचारलं. आजीने माझ्याकडे पाहिलं.