कारच्या गेमचा डबा कुठे गेला?

ठाणे-डोंबिवलीच्या बऱ्याच घरांत टीव्हीवर धावलेली पहिली गाडी 'रोड फायटर'मधली. वरून दिसणारी, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेली. जपानच्या कोनामीने हा गेम 1984 मध्ये आर्केडसाठी काढला आणि पुढच्याच वर्षी निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर आणला. आपल्याकडे तो पोचला नव्वदच्या दशकात, फॅमिकॉमच्या नकलांबरोबर. समुराई, लिटल मास्टर आणि बिननावाची कितीतरी यंत्रं. कॅसेटवर '9999 इन 1' असं ठळक छापलेलं असे. प्रत्यक्षात आत मूठभर गेम आणि उरलेले तेच, थोडा फेरफार करून पुन्हा. पण 'रोड फायटर', 'एफ-वन रेस' आणि 'एक्साइटबाइक' सहसा चुकत नसत.

'रोड फायटर' आजही बघण्यासारखा आहे. पेट्रोलचा आकडा सतत उतरत असतो. दुसऱ्या गाडीला नुसतं घासलं तरी आपली गाडी भिरभिरायला लागते. तेवढ्या क्षणात योग्य बाजूचं बटण दाबलं तर सावरते, नाहीतर कठड्यावर आपटून फुटते. बराच वेळ न धडकता चालवली तर कोनामी मॅन उडत येतो आणि जादा गुण देऊन जातो. हे सगळं 40 किलोबाइटच्या आत. हल्लीच्या मोबाइलमधला एक फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो.

अधिकृत माल नव्हताच असं नाही. नव्वदच्या मध्यावर सेगाची यंत्रं भारतात शॉ वॉलेसने आणली होती. हो, तीच मद्यवाली शॉ वॉलेस. पण सकाळची फास्ट लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराच्या घरी नक्कलच आली, कारण ती परवडत होती.

मग गाड्यांना नावं आली. 1994 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने 'रोड अँड ट्रॅक' या अमेरिकी मासिकाला सोबत घेऊन 'द नीड फॉर स्पीड' काढला. त्यात फेरारी होती, पोर्शे होती, लॅम्बोर्गिनी होती. पुढच्या वर्षी तो पीसीवर आला. नाव वापरायचं म्हणजे कंपनीचा परवाना आला, आणि परवान्याला मुदत आली. आपल्याकडे हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. परवान्याचा मजकूर खोक्यावर असतो आणि खोकं आपल्यापर्यंत येतच नव्हतं. लॅमिंग्टन रोडवर घेतलेली सीडी ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली असा प्रवास करून यायची आणि आठवड्याभरात सोसायटीत तिच्या चार कॉप्या व्हायच्या. सीडीवर मार्करने नाव, बाजूला सीरियल नंबर. ज्याच्याकडे सीडी रायटर, तो त्या मजल्याचा प्रकाशक.

'रोड रॅश'चं तर फोल्डरच फिरलं. 1991 मध्ये सेगावर आलेला हा गेम 1996 मध्ये पीसीवर आला आणि सायबर कॅफेपासून कॉम्प्युटर क्लासपर्यंत सगळीकडे शिरला. साखळीने शेजारच्या बाइकवाल्याला हाणायचं आणि मागून पोलीस आले की पळायचं, एवढं त्याचं शास्त्र. मूळ पीसी आवृत्तीत साउंडगार्डनसारख्या रॉक बँडची गाणी होती. जागा वाचवायला कॉप्यांतून गाणी आणि व्हिडिओ बहुधा काढून टाकलेले असत, त्यामुळे त्यात गाणी होती हे अनेकांना नोकरीला लागल्यावर कळलं.

प्लेस्टेशन 2 आला तो चोरीच्या डिस्क चालाव्यात म्हणून चिप मारून. त्यावरचा सगळ्यात मोठा मासला म्हणजे 'ग्रान टुरिझ्मो 4'. यात चोवीस तासांच्या शर्यती आहेत, खरोखरच चोवीस तासांच्या, आणि त्या अर्ध्यावर थांबवून मेमरी कार्डावर साठवता येत नाहीत. 2005 च्या आसपास कल्याण-डोंबिवलीत रोजचं भारनियमन होतं. जपानी माणसाने केवढा विश्वास ठेवून हा गेम बनवला असेल! खाडीपलीकडे मुंबईत दिवे चालू असताना इकडे ल मानची शर्यत इन्व्हर्टरशिवाय अशक्यच होती.

खरा डबा, म्हणजे सीलबंद, आत पुस्तिका आणि मागे रुपयांत किंमत छापलेला, आपल्या वाट्याला फार तर दहाएक वर्षं आला. साधारण 2005 ते 2015. मुंबईतले वितरक परदेशी गेम इथल्या खिशाकडे बघून विकू लागले, मॉल उभे राहिले, आणि म्युझिकच्या दुकानांत एक कपाट गेमचं झालं. त्या कपाटातला माझ्या मते सर्वांत मोलाचा डबा कोडमास्टर्सच्या 'एफ-वन 2011'चा. तो सप्टेंबर 2011 मध्ये आला. त्यात ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट होता, नारायण कार्तिकेयन होता, फोर्स इंडिया होती. खरी शर्यत झाली 30 ऑक्टोबरला. म्हणजे भारतातल्या पहिल्या ग्रां प्रीचा रस्ता सेबॅस्टियन फेटेलच्या आधी कळव्या-कोपरीतल्या पोरांना पाठ करायची सोय होती. 2013 नंतर ती शर्यत भारतात झाली नाही. 2018 मध्ये फोर्स इंडिया दिवाळखोरीत निघाली. पण त्या डिस्कवर दोन्ही जशीच्या तशी आहेत.

पुढे डबा गेला, आणि भराभर गेला. ब्रॉडबँड स्वस्त झाला, 2015 पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत दिसू लागल्या, 2016 मध्ये जिओ आला. लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्ह गायब झाला. 2020 चा एक्सबॉक्स सीरिज एस आणि 2024 चा प्लेस्टेशन 5 प्रो, दोन्हींत डिस्क घालायची फटच नाही. हे सोयीचं आहे, यात वाद नाही. शंभर जीबीचा गेम आणायला आता दादरला गाडी बदलावी लागत नाही.

फटका बसला तो परवान्यातल्या मुदतीच्या कलमाचा. लढाईच्या गेममधला राक्षस कंपनीचा स्वतःचा असतो, तो कधीही विकता येतो. रेसिंगमध्ये गाडी एकाची, गाणं दुसऱ्याचं, ट्रॅक तिसऱ्याचा. मुदत संपली की गेम ऑनलाइन दुकानातून उतरवतात. 'फोर्झा होरायझन 4' ची विक्री 15 डिसेंबर 2024 ला थांबली. पहिला 'होरायझन' 2016 मध्येच गेला होता. ज्यांनी आधी घेतला त्यांना डाउनलोड करता येतो, नव्याने हवा तर जुनी डिस्क शोधायची. इथल्या पोरांनी मन लावून खेळलेला 2005 चा 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' आज कुठल्याच मोठ्या डिजिटल दुकानात अधिकृतपणे मिळत नाही. चोरीच्या सीडींचं मला कौतुक नाही, बनवणाऱ्याला त्यातून दमडी मिळाली नाही. तरी हा गेम आज जिवंत आहे तो बऱ्याच अंशी मार्करने नाव लिहिलेल्या डिस्कांमुळे.

डिस्क असली म्हणजे झालं, असंही नाही. युबीसॉफ्टचा 'द क्रू' 2014 चा. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्कही निकामी झाली, कारण एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागत होतं. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि 2025 मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. दरम्यान छोट्या स्टुडिओंनी आपली वाट काढली आहे. 2020 च्या 'आर्ट ऑफ रॅली'तल्या गाड्या ओळखीच्या वाटतात, पण खरं नाव एकीलाही नाही. 'रोड फायटर'च्या गाडीप्रमाणेच त्यांनाही परवान्याची कटकट नाही.

भारतात छापलेल्या पुस्तकाची प्रत 1954 च्या कायद्याने ठरावीक ग्रंथालयांना द्यावीच लागते. त्यात गेम येत नाहीत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. पुस्तक जपायची सवय या भागाला जुनी आहे. गेमच्या डिस्कसाठी एक कपाट ठेवायला यांच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, आणि तशी मागणी सभासदांनीच करायला हवी. तोवर माळ्यावर 'एफ-वन 2011' किंवा 'मोस्ट वाँटेड'चा खरा डबा असेल तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. उभा ठेवा, कोरड्या जागी ठेवा. कायदेशीरपणे विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची, तो खराब होऊ नये म्हणून, बॅकअप प्रत काढायला कॉपीराइट कायद्याचं कलम 52 परवानगी देतं.