आपोआप मिटणारें दार

दार उघडण्याची थोरवी आपल्या वाङ्मयानें जितकी गाइली आहे, तितकी दार मिटण्याची गाइलेली नाहीं. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग म्हणजे बंद दार उघडावें म्हणून केलेली विनवणीच होय; आणि दार मिटल्याची जी एक कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, त्या रायगडच्या हिरकणीच्या कथेंतही मिटलेलें दार हें संकट, व तें चुकवून कडा उतरणारी आई ही नायिका. मिटणाऱ्या दाराच्या वांट्याला कौतुक असें आलेंच नाहीं. दार लोटून घे, दार पुढें कर, दार ओढून घे, हीं आज्ञार्थी वाक्यें मात्र प्रत्येक घरांत दिवसांतून दहा वेळां उच्चारलीं जातात आणि बहुतेक वेळां व्यर्थ जातात. कारण उघड आहे. दार उघडण्याची गरज जाणाराला असते; तें मिटण्याची गरज मागें राहिलेल्यांना असते. दार आपोआप मिटविणाऱ्या यंत्राचा सारा इतिहास या साध्या विसंगतींतून निघालेला आहे.

पूर्वीच्या श्रीमंतांनीं हा प्रश्न पैशानें सोडविला. देवडीवर माणूस बसविला कीं उघडणें व मिटणें हीं दोन्ही कामें तोच करी. प्रत्यक्ष वैकुंठाच्या दारींही पुराणांनीं जय आणि विजय असे दोन द्वारपाल नेमले आहेत, आणि सनकादिकांना अडवून त्यांनीं शाप कसा ओढवून घेतला हें सर्वश्रुत आहे. द्वारपालाचा हाच दोष. त्याला मन असतें. तो पेंगतो, रुसतो, भलत्याच माणसाला अडवितो. मन नसलेला द्वारपाल घडविण्याची एक फार जुनी योजना इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें होऊन गेलेल्या हेरोन या यंत्रज्ञाच्या ग्रंथांत सांपडते. देवळासमोरील वेदीवर अग्नि पेटविला कीं वेदीखालची हवा तापून फुगे. ती एका बंद गोलांतील पाणी ढकलून टांगलेल्या बादलींत नेई. बादली जड होऊन खालीं जाई आणि दारांच्या खुंटांना गुंडाळलेले दोर ओढले जाऊन दारें उघडत. अग्नि विझला कीं हवा आकसे, पाणी माघारें जाई, आणि दुसऱ्या बाजूचें वजन दारें मिटवून घेई. भाविकांना थक्क करण्यापलीकडे या योजनेचा उपयोग नव्हता. पण तिच्यांत अग्नीनें दार उघडतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें या गोष्टीला मोठी कलाटणी मिळावयाची आहे.

त्यानंतरच्या शतकांतील युक्त्या फारच गांवठी आहेत. दाराला दोरी बांधून ती कप्पीवरून नेऊन तिला वजन अडकवावयाचें, ही त्यांतली सर्वांत सोपी. अमेरिकेंत व्हर्जिनियामधील विल्यम्सबर्ग या जुन्या गांवीं बागांच्या फाटकांना सांखळी आणि तिच्या मध्यभागीं लोखंडी गोळा बांधलेला अजून पाहावयास मिळतो. फाटक ढकललें कीं गोळा उचलला जातो, आणि माणूस आंत गेला कीं आपल्या वजनानें फाटक ओढून घेतो. चढत्या वळणाची बिजागरी ही याहून सुबक युक्ति. तिच्यामुळें दार उघडतांना किंचित् वर चढतें आणि सोडल्याबरोबर उतरणीला लागतें. पुढें पोलादी स्प्रिंग आली व वजनांची अडगळ गेली, परंतु स्प्रिंगेबरोबर एक नवा उपद्रव घरांत शिरला. कुलपाची जीभ चौकटींतील खांचेंत बसावयाची तर शेवटच्या क्षणीं दाराला जोर हवा. आणि शेवटीं जोर उरेल इतकी बळकट स्प्रिंग घेतली, तर वाटेंत वेग सांठून दार धाडकन् आपटतें. कमकुवत स्प्रिंगेनें दार लागत नाहीं, बळकट स्प्रिंगेनें कानठळ्या बसतात आणि बोटें चिरडतात. या पेचांतून सुटण्यासाठीं दार ओढणारा जितका हवा, तितकाच त्याला आवरणाराही हवा होता.

तो आवरणारा अमेरिकेंत १८७० ते १८८० च्या सुमारास पुढें आला. बोस्टन येथील लुइस नॉर्टन याचें नांव या संबंधांत नेहमीं घेतलें जातें, आणि त्याच शहरांतील ट्रिनिटी चर्चच्या जड दारांशीं त्याच्या यंत्राची कथा जोडली जाते. बोस्टनचा हिंवाळा कडक. दार उघडें राहिलें तर सभागृह गारठावें, आणि स्प्रिंगेनें आपटलें तर उपदेशकाचें वाक्य तुटावें. प्रारंभींच्या यंत्रांत स्प्रिंगेला आवरण्याचें काम नळकांड्यांत कोंडलेली हवा करी. पण हवा दाबली जाते, आणि दाबली गेलेली हवा उलट ढकलते. म्हणून लौकरच तिची जागा तेलानें घेतली. तेल दबत नाहीं. अरुंद वाटेनें निमूटपणें वाहणें एवढेंच त्याला ठाऊक असतें, आणि दाराला हवा होता तो हाच गुण.

आजच्या डोअर-क्लोझरच्या पोटांत याहून फार निराळें कांहीं नाहीं. दार उघडतांना त्याचा हात एक दांतेरी आंस फिरवितो. आंसामुळें दट्ट्या सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. दट्ट्यांतील एकेरी झडप उघडून तेल विनासायास पलीकडे जातें. दार सोडलें कीं स्प्रिंग दट्ट्याला माघारीं ढकलूं लागते, पण आतां ती झडप मिटलेली असते, व तेलाला दोन बारीक वाटांनींच परतावें लागतें. या प्रत्येक वाटेवर एकेक स्क्रू आहे. पहिल्यानें दाराचा मुख्य फेरा किती सावकाश व्हावयाचा हें ठरतें, दुसऱ्यानें शेवटचे चार अंगुळें किती जोरानें जावयाचीं हें ठरतें. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडून थोडे श्रम उसने घ्यावयाचे आणि त्याची पाठ वळल्यावर त्याच श्रमांनीं दार मिटवावयाचें, असा हा व्यवहार आहे.

याच काळांत न्यू इंग्लंडमधील कापडाच्या गिरण्यांत हेरोनची योजना उलटी होऊन अवतरली. एका दालनांतील आग दुसऱ्या दालनांत जाऊं नये म्हणून भिंतींतील वाटांना सरकतीं दारें बसविलीं जात. हीं दारें निव्वळ लोखंडाचीं केलीं तर तापून पिळवटत; म्हणून लांकडी फळ्यांवर कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा चढवीत, कारण हवा न मिळालेलें लांकूड भडकत नाहीं, नुसतें सावकाश कोळपतें. दार उतरत्या रुळावर टांगलेलें असे आणि त्याला धरून ठेवणाऱ्या दोरींत सहज वितळणाऱ्या धातूचा एक दुवा असे. सुमारें ७४ अंश सेल्सिअस उष्णता झाली कीं दुवा वितळे, आणि दार रुळावरून आपसूक उतरून वाट बंद करी. हेरोनच्या देवळांत अग्नि दार उघडीत होता. येथें अग्नि स्वतःचेंच दार बंद करूं लागला.

तेलाचा क्लोझर गारठ्यासाठीं जन्मला आणि हें गिरणीचें दार आगीसाठीं. विसाव्या शतकांत उंच इमारती वाढल्या, तेव्हां या दोन वंशांची सोयरीक झाली. जिन्याच्या व घराच्या दारांनीं आग आणि धूर कांहीं काळ अडवावा, आणि तीं दारें आपोआप मिटावीं, असे नियम देशोदेशीं झाले. सोयीसाठीं घेतलेलें यंत्र अशा रीतीनें राखणदार झालें, पण लोकांच्या मनांत तें सोयीचेंच राहिलें. आणि सोय गैरसोयीची वाटली कीं माणूस ती बाजूला सारतो.

१९८८ सालीं ब्रुनो लातूर या फ्रेंच विचारवंतानें (या आडनांवाचा आपल्या लातूरशीं संबंध नाहीं) जिम जॉन्सन असें टोपणनांव घेऊन या क्षुल्लक यंत्रावर एक गंभीर निबंध लिहिला. क्लोझर संपावर गेला आहे, तरी दार लावून घ्यावें, अशा अर्थाची एक चिठ्ठी त्याला या निबंधाचें निमित्त झाली. त्याचें म्हणणें असें कीं, शेंकडों माणसांना शिस्त लावण्यापेक्षां एका यंत्राला ती शिकविणें सोपें म्हणून आपण हें कर्तव्य यंत्राकडे सोंपवितों. पण यंत्रही पक्षपात करतें. जड स्प्रिंग धडधाकट माणसाला आंत घेते आणि लहान मूल, म्हातारी, दोन्ही हातांत ओझें असलेला हमाल यांना बाहेर ठेवते. जय-विजयांचा दोष यंत्रांतही उतरला म्हणावयाचा. लातूरच्या निबंधांतला विनोद मला आवडतो. परंतु संपावर गेलेला क्लोझर हा विनोदाचा विषय कोठवर राहतो, हें न्यूयॉर्क शहरांत पुढें दिसून आलें.

त्या शहराच्या ब्रॉंक्स भागांत २८ डिसेंबर २०१७ रोजीं एका जुन्या इमारतींत आग लागली. ज्या घरांत ती लागली तेथील आई मुलांना घेऊन बाहेर पळाली आणि दार मागें उघडें राहिलें. त्या मातेला दोष देण्याचें धाडस कोणी करूं नये. अशा वेळीं मागें वळून दार ओढून घेण्याचें भान राहणें हें माणसाकडून अपेक्षिण्याजोगें नव्हे. त्या दारांतून निघालेल्या आगीनें १३ माणसें दगावलीं. म्हणून शहरानें २०१८ सालीं कायदा केला कीं भाड्याच्या इमारतींतील दारें आपोआप मिटणारीं असलींच पाहिजेत, आणि त्यासाठीं जुलै २०२१ अखेरची मुदत घातली. मुदत संपून सहा महिने झाले नाहींत तोंच, ९ जानेवारी २०२२ रोजीं, त्याच ब्रॉंक्समधील एका १९ मजली इमारतींत, खालच्या मजल्यावरील घरांत, खोली तापविण्याच्या विजेच्या हीटरपासून आग लागली. ज्वाळा त्या घरापलीकडे व बाहेरच्या बोळापलीकडे फारशा गेल्या नाहींत. परंतु घराचें आपोआप मिटावयाचें दार मिटलें नाहीं, आणि वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचें दारही उघडें राहिलें. जिना धुराड्यासारखा धूर ओढूं लागला. १७ जण मरण पावले. त्यांत ८ मुलें होतीं. मृतांपैकीं कित्येक कुटुंबें आफ्रिकेंतील गांबिया देशांतून पोटासाठीं आलेलीं होतीं. हीं १७ माणसें ज्वाळांनीं नव्हे, धुरानें गेलीं. कायदा होता, दाराला मिटण्याची योजनाही होती. नव्हतें तें फक्त दाराचें मिटणें.

म्हणूनच हें यंत्र बसविणाऱ्या मिस्त्रीचें काम इतिहासाच्या निबंधांत आणण्यास मला संकोच वाटत नाहीं. तें काम दिसतें अर्ध्या तासाचें. पण क्लोझरला हात लावण्यापूर्वीं दार तपासावें लागतें; बिजागऱ्या ढिल्या असतील, कड फरशीला घासत असेल, कुलपाची जीभ खांचेसमोर येत नसेल, तर ओळंब्यांत नसलेल्या दाराला कोणताही क्लोझर सरळ करीत नाहीं. मग दार डावें कीं उजवें, ओढण्याच्या बाजूस यंत्र बसवावयाचें कीं ढकलण्याच्या, हें ठरवावें लागतें. ओढण्याच्या बाजूस बसविलेल्या यंत्राचा हात चौकटीपासून पुढें आलेला असतो आणि त्याचा जोर उत्तम लागतो. ढकलण्याच्या बाजूस हात दाराला समांतर मिटवून ठेवला तर दिसावयास नीटनेटका, पण जोर कमी. दाराची रुंदी आणि वजन पाहून ताकद निवडावी लागते. युरोपीय मानकांत १ ते ७ अशा पायऱ्या आहेत आणि आगीच्या दाराला ३ च्या खालची चालत नाहीं. ती पायरी ९५० मिलिमीटर रुंद व ६० किलो वजनाच्या दारापर्यंतची.

पेटींत भोंकांच्या खुणांचा एक कागद येतो. अनुभवी म्हणविणारे कारागीर तो पहिल्यानें फेंकून देतात, आणि बहुतेक बिघाडांचें मूळ तेथेंच असतें. बिजागरीपासूनचें अंतर बोटभर चुकलें कीं हाताची तरफ बदलते, आणि नंतर कितीही स्क्रू पिळले तरी ती भरून येत नाहीं. पोकळ पत्र्याच्या दाराला आंत आधाराची पट्टी नसतांना आंखूड स्क्रू मारले, तर दोन वर्षांत यंत्र हातांत येतें. ओढण्याच्या बाजूच्या बसवणींत दार मिटलेलें असतां हाताचा पुढचा भाग चौकटीशीं काटकोनांत यावा, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर स्प्रिंगेचा जोर शिल्लक राहतो. हा काटकोन साधला नाहीं तर दार चौकटीपाशीं येऊन टेकतें आणि लागत नाहीं. पाहणाराला तें बंदच वाटतें. तेलाचे स्क्रू एका वेळीं पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावयाचे. घाईनें पुरा फिरविला तर तो बाहेर येतो, तेल गळतें, आणि तेल गळलेलें यंत्र दुरुस्त करण्याच्या भानगडींत कोणी पडूं नये, तें बदलावें. घाई केली तर अपंगांची वाट अडते, म्हणून अमेरिकेंतील नियमाप्रमाणें काटकोनांत उघडलेलें दार चौकटीपासून १२ अंशांवर येण्यास निदान ५ सेकंद लागले पाहिजेत.

आपल्याकडेही हा विषय परका राहिलेला नाहीं. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनें आगीचीं दारें आपोआप मिटणारीं असावींत अशी अट घातली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानें इमारतींतील अग्निसुरक्षेची व्यवस्था चालूं स्थितींत असल्याचा दाखला वर्षांतून दोनदां मागितला. दाखले निघतात. तथापि मुंबई-पुण्याच्या कोणत्याही उंच इमारतींत जिना चढून गेल्यास एखाद्या मजल्यावर तें जड दार वीट, कुंडी किंवा पुठ्ठ्याची घडी लावून उघडें ठेवलेलें आढळतें. वारा यावा म्हणून, मुलांना खेळतां यावें म्हणून, किंवा आपटण्याचा आवाज नको म्हणून. शेवटच्या तक्रारीला उत्तर वीट नव्हे, दुसरा स्क्रू आहे. पण तो कोठें असतो हें इमारतींत कोणालाच ठाऊक नसतें.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजीं लागलेल्या आगींत ७२ माणसें गेलीं. बाहेरून चढविलेलें ज्वालाग्राही आवरण हें तेथील मुख्य कारण; परंतु चौकशीच्या २०१९ च्या पहिल्या अहवालानें कित्येक घरांच्या दारांना मिटविणारें यंत्र नव्हतें किंवा तें निकामी होतें, आणि त्यामुळें धूर बोळांत शिरला, हेंही नोंदविलें. अशीं दारें निदान दर तीन महिन्यांनीं तपासावींत, अशी त्या अहवालाची शिफारस होती. ही तपासणी करतांना नुसतें दार सताड उघडून सोडणें पुरत नाहीं. त्या अंतरांत वेग मिळून वाईट बसविलेलें दारही लागून जातें. तें वीतभर उघडावें, हात काढून घ्यावा, आणि कुलपाची जीभ खांचेंत पडल्याचा आवाज येईपर्यंत तेथेंच उभें राहावें.