नवव्या मजल्यावरचं दार

मागच्या महिन्यात बचत गटाच्या शिवण केंद्रासाठी लातूरला जागा बघायला गेलो होतो. दुकानाच्या वर मोठा हॉल, उजेड चांगला, भाडं परवडणारं. वर जायला एकच अरुंद जिना. मागं एक दार होतं, पण त्याला बाहेरून कुलूप. मालक म्हणाले, "चोऱ्या होतात ताई, ते बंदच असू द्या."

आम्ही माना डोलावल्या, खरं सांगते. पण आमच्यातल्या एक मावशी तिथंच थबकल्या. त्यांचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या माहेरीच होत्या. दगडाच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद आणि चोरांच्या भीतीनं घराला एकच दार. "बाई, मला एका दाराचं घर नको," एवढंच त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

भूकंप वेगळा, आग वेगळी. पण दाराची गोष्ट एकच आहे, आणि ती आपल्यासारख्याच शिवणकाम करणाऱ्या बायांची आहे.

८ मार्चच्या कार्यक्रमात न्यूयॉर्कच्या आगीचा उल्लेख होतो. तिच्यामुळं महिला दिन सुरू झाला असं कुणी कुणी सांगतं, ते बरोबर नाही. युरोपातल्या चार देशांत पहिला आंतरराष्ट्रीय महिला दिन १९ मार्च १९११ ला झाला, आणि ही आग त्यानंतर सहा दिवसांनी, २५ मार्चला लागली. ट्रँगल नावाचा कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. बायकांचे ब्लाउज शिवायचे. कामाला बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या पोरी, कितीतरी सोळा-सतरा वर्षांच्या. शनिवारची संध्याकाळ, सुटीची वेळ. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर फोन गेला, तिथले बहुतेक गच्चीवरून सुटले. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथलं एक दार कुलपात होतं. कारण? सुटताना पोरींच्या पिशव्या तपासता याव्यात, कापड चोरीला जाऊ नये. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भारानं कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. १४६ जीव गेले, त्यात १२३ बाया आणि मुली. मालकांवर खटला झाला आणि ते सुटले. दार बंद असल्याचं त्यांना माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही म्हणे!

रस्त्यावर उभं राहून हे बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई होती. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगासाठी ती कारखान्या-कारखान्यांतून फिरली. न्यूयॉर्कमध्ये नवे कायदे झाले. १९३३ मध्ये ती अमेरिकेची कामगार मंत्री झाली, त्या देशाच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री.

आपल्याकडं १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३८ आलं. आत माणूस असताना बाहेर जायचं दार आतून झटकन उघडता येणार नाही असं बंद करायचं नाही, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, असं त्यात होतं. बाहेरच का? घाबरलेली माणसं दारावर रेटतात. आत उघडणारं दार त्या रेट्यानं उघडतच नाही.

पण आपली छोटी शिवण केंद्रं बहुधा 'कारखाना' या शब्दात बसत नाहीत. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यात इमारतीच्या मालकाबरोबर भोगवटादारही जबाबदार धरलाय, म्हणजे भाड्यानं राहणारे आपणसुद्धा. अग्निसुरक्षेची यंत्रणा नीट चालते, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ते विचारलं की पुष्कळ जण आपल्याकडंच बघत राहतात.

आणि हे लांबचं नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिलाईचं दुकान पेटलं. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गुदमरले. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीही नव्हती, पोचला तो धूर. कापडाचा धूर असा असतो. आणि आपण कापडाचे गठ्ठे ठेवतो कुठं? जिन्यात. मी स्वतः ठेवलेत.

त्या मालकांकडं परत गेलो. कुलपाऐवजी आतून कडी लावायला ते तयार झाले. पण मागच्या दाराबाहेर जिनाच नाही, सरळ खाली गल्ली. लोखंडी जिन्याचा खर्च निम्मा आम्ही द्यायचा म्हणतात, आणि गटात त्यावरून दोन तट पडलेत. तोवर आठ मशिनी मावशींच्या ओसरीत चालू आहेत. जागा अपुरी पडते, पण ओसरीला तिन्ही बाजूंनी वाट आहे.